नवसाचे केस

रिक्षात मी सखुबाईंना पुन्हा पुन्हा पढवत होतो.

"मुख्याध्यापिका विचारतील, केस राखणं तुमच्या धर्मात गरजेचं आहे का? तुम्ही फक्त 'हो' म्हणायचं. पुढचं मी बोलतो."

"हो बोलाचा. बरं, मास्तर."

आमच्या मध्ये त्यांचा नातू नयन बसला होता. चौथीतला. पाठीवर वेणी. गेल्या वर्षी डेंग्यूने तो पार गळाला, तेव्हा सखुबाईंनी गावदेवीला नवस बोलला: पोर वाचलं तर चैत्राच्या जत्रेपर्यंत केसाला कात्री लावणार नाही, मग तुझ्याच पायाशी उतरवीन. शाळेचा नियम असा, की मुलांचे केस कॉलरच्या वर हवेत. त्यामुळे वेणी नजरेत भरल्यापासून आठवडाभर त्याला फाटकातूनच परत पाठवत होते. संध्याकाळी मानपाड्याला माझ्याकडे शिकायला यायचा आणि विचारायचा, "सर, आज वर्गात काय शिकवलं असेल?" हे ऐकून गप्प बसणं मला जमेना.

मुख्याध्यापिका सुमेधा माझीच विद्यार्थिनी. नागरिकशास्त्रात हुशार. तेच आता आडवं आलं.

"सर, शीख मुलांना आपण सूट देतोच. पण सूट मागणाऱ्याने आचार धर्मात आवश्यक आहे हे दाखवायला हवं. कोर्टसुद्धा हेच विचारतं. आजी, तुमच्या समाजात सगळ्या मुलांचे केस असे राखतात का?"

मी सुमेधाची नजर चुकवून, मान हलवत सखुबाईंना 'हो, हो' खुणावत होतो.

"सगल्यांचे कशाला?" सखुबाई म्हणाल्या. "ज्याचा नवस त्याचे. आमच्या शेजारच्या राघोने पोरासाठी बोकड बोलला. केस नाय."

मी डोळे मिटले.

"म्हणजे नाही राखले तरी चालतं?"

"धर्माला चालंल, बाय. मना नाय चालनार. मी देवीला शब्द दिलाय."

सुमेधाने माझ्याकडे पाहिलं. "बघा सर. ही वैयक्तिक इच्छा झाली."

"अगं सुमेधा," माझा आवाज चढलाच, "ज्या देवाचा ग्रंथ छापलेला आहे त्याला सूट, आणि जिची नुसती घुमटी आहे तिला नाही? ही बाई खोटं बोलली असती तर पोरगं आज वर्गात बसलं असतं! खरं बोलली म्हणून घरी?"

"नियम सगळ्यांना सारखा, सर."

"मग आता तू सांग. तिचा शब्द खरा आहे हे तुला दिसतंय. त्या वेणीने शाळेचं काय बिघडतं?"

"शिस्त."

"कशी? मुलींच्या वेण्यांनी बिघडते?"

ती पेन फिरवत राहिली. "आज एकाला दिलं की उद्या सगळेच नवस बोलत येतील."

"आजवर किती आले?"

"कोणी नाही."

"मग न आलेल्यांची शिक्षा आलेल्याला का?"

नयन भिंतीवरच्या वेळापत्रकात स्वतःचा वर्ग शोधत होता. सुमेधाचंही तिकडे लक्ष गेलं.

"आत्ता कुठला तास आहे रे तुमचा?" तिने विचारलं.

"परिसर अभ्यास, बाई. माझा तक्ता अर्धाच राहिलाय."

सुमेधाने उसासा टाकला. "ठीक आहे. जत्रेपर्यंत. केस घट्ट बांधून यायचं. जा वर्गात." शिपायाला सांगण्याआधीच नयन जिन्यात पोचला होता.

मी विजयी वीरासारखा उठलो. सखुबाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग तिथेच गावदेवीच्या दिशेने हात जोडले.

"पावली गं आई! बाय, मी रिक्षातच बोलले होते तिला. शालेत घेतला तर धाकट्या मितेशचेही केस राखीन."

"मितेश?" सुमेधाने विचारलं.

"नयनचा भाव. जूनला पयलीत येतोय ना तुमच्याकडं!"

सुमेधा हळूच माझ्याकडे वळली. मी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"सर," ती म्हणाली, "जूनमध्ये या. आजींना घेऊन."