पटावरचं नाव

सिएरा व्हिस्टाच्या थेरपी केंद्रात काउंटरवरच्या मुलीनं तीच कळ पुन्हा दाबून पाहिली आणि मग स्क्रीन रोसाल्बाकडे वळवली. मागच्या महिन्याचं बिल राज्याच्या खात्यातून चुकतं झालं नव्हतं. तिच्या मुलाच्या, नेस्तोरच्या, नावापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं, खातं स्थगित.

"काहीतरी चुकलं असेल," रोसाल्बा म्हणाली.

"असेल. पण फोन तुम्हालाच करावा लागेल. आम्ही विचारलं तर फीनिक्सच्या सरकारी ऑफिसातले दाद देत नाहीत."

आतल्या खोलीत नेस्तोर छताला टांगलेल्या झोळीत पालथा पडून हेलकावे घेत होता. खाली मांडी घालून बसलेली त्याची थेरपिस्ट जोलीन त्याच्या हातात एकेक कपड्यांचा चिमटा देत होती. प्रत्येक झोक्याला त्यानं तो समोरच्या दोरीवर अडकवायचा. चिमटा दाबताना त्याची जीभ बाहेर यायची. तीन खाली पडले की एक अडकायचा, आणि अडकला की तो स्वतःलाच "शाब्बास" म्हणायचा.

नेस्तोर सात वर्षांचा होता. त्याच्या डोक्यातून निघालेला हुकूम बोटांपर्यंत पोचताना वाटेतच कुठेतरी सांडायचा. चमचा तिरका व्हायचा, पेन्सिल मोडायची, पँटचं बटण सुटायचंच नाही. पहिलीचं अख्खं वर्ष तो शाळेत लघवी धरून बसला होता. हातांना रोजची कामं शिकवणारी शाळेची ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे एक टॅब्लेट. त्यात ओहायोतली एक बाई आठवड्यातून एकदा दिसायची आणि "पेन्सिल अशी धर हं, राजा" म्हणायची. तिची चूक नव्हती. काचेतून हात बाहेर काढता येत नाही.

जोलीनकडे येऊ लागल्यापासून, म्हणजे जूनपासून, बटण सुटायला लागलं होतं. लागायचं अजून बाकी होतं.

"खंड पडला तर?" रोसाल्बानं तिला बाजूला घेऊन विचारलं.

"थोडं मागे जाईल. त्याचे हात अजून पक्के शिकलेले नाहीत, नुसते ऐकायला लागलेत." जोलीननं जमिनीवरचे चिमटे गोळा केले. "त्याची वेळ मी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवते. त्यापुढे नाही जमणार, रोसाल्बा. माझ्याकडे पोरं रांगेत आहेत."

फीनिक्सचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. पलीकडच्या बाईचा आवाज थकलेला होता, पण उद्धट नव्हता. "तुमचा मुलगा तुमच्या गावच्या, सान लिनोच्या, सरकारी शाळेच्या पटावर आहे. हजेरीही लागते आहे. शाळेत शिकणाऱ्या मुलावर सरकार शाळेत खर्च करतं. तोच पैसा तुम्हाला घरी देता येत नाही. करारावर तुमची सही आहे."

सही होती. जूनमध्ये केलेली. सरकारी शाळेत जाणार नाही अशा मुलाचा शिक्षणाचा पैसा राज्य आईबापांच्या हवाली करतं. त्यातून शिकवा, पुस्तकं घ्या, थेरपी करा. अट एवढीच, की शाळा सोडायची. रोसाल्बाची आई एलोदिया मार्चमध्ये गेली होती. त्या शाळेचं स्वयंपाकघर तिनं अखेरच्या हिवाळ्यापर्यंत सांभाळलं. नातवाला त्या शाळेतून काढू का, हे तिला विचारायचं राहून गेलं होतं.

शाळा सोडली, पण शाळेतलं जेवण सुटलं नव्हतं. ऑगस्टपासून रोसाल्बा सकाळी नेस्तोरला घरीच टेबलाशी शिकवायची आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याला शाळेच्या दारात सोडायची. एलोदियाचा नातू, त्याला कोण अडवणार? तो जेवून येईपर्यंत ती मेस्किटच्या झाडाच्या सावलीत गाडीत बसायची. स्वयंपाकघराची खिडकी तिथून हाकेच्या अंतरावर होती.

इमेल्डा शाळेच्या ऑफिसात कारकून होती आणि नेस्तोरची धर्ममाता. लहानपणी रोसाल्बा आणि ती एका बाकावर बसत, एकमेकींच्या वेण्या ओढत. नेस्तोरच्या बाप्तिस्म्यानंतर दोघी कोमाद्रे झाल्या, म्हणजे मुलाच्या नात्यानं बहिणीच, आणि त्या दिवसापासून रीतीप्रमाणे एकमेकींना अहोजाहो करू लागल्या. पहिले काही महिने दोघींना हसू यायचं.

"या, या कोमाद्रे," इमेल्डा म्हणाली. "कॉफी घेता? सकाळची आहे, पण गरम आहे."

"नेस्तोर पटावर आहे?"

इमेल्डानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आहे."

"मी जूनमध्ये नाव काढायचा कागद दिला होता."

"दिला होता. या खणात आहे."

"खणात?"

"मग काय करू? एलोदियाबाईंना मातीत ठेवून तीन महिने नाहीत झाले, आणि मी त्यांच्या नातवाचं नाव माझ्या हातानं कमी करू? म्हटलं, दुःखात आहे बिचारी. दुःखात माणूस केस कापतो, घर विकतो. येईल सप्टेंबरपर्यंत ठिकाणावर. आणि पोरगा तर रोज येतोय! डोळ्यांसमोर उभा असलेल्या पोराची गैरहजेरी कशी लावू?"

"तो जेवायला येतो, इमेल्डा."

"जेवायला येतो, शिकायलाही येईल. जागा राखून ठेवली, तर गुन्हा झाला?" तिनं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "आणि आमचा पट किती उरलाय, माहीत आहे ना? आणखी दोन-चार पोरं गेली की मदतनीस बाईची नोकरी जाते."

"म्हणजे तुमच्या बाईची नोकरी माझ्या पोराच्या नावावर!"

"हे बघ, तू..." इमेल्डा थांबली, पण शब्द निसटून गेला होता. मग तिनं तो मागे घेतला नाही. "तूच सांग. तुझ्या आईनं या शाळेपायी हाडं झिजवली. आणि तू पोराला बाहेर काढून सरकारचे पैसे घेतेस."

"मी नाही घेत. जोलीन घेते. आणि त्या पैशांत माझा मुलगा लघवीला जातो. एकटा. स्वतःच्या हातानं बटण सोडून."

इमेल्डानं खण अर्धवट उघडला आणि परत लावला.

"वर्षभर तो इथे धरून बसायचा. तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," इमेल्डा म्हणाली. "ओली पँट कोण बदलायचं त्याची? मीच. तुझ्या आईला सांगू नको म्हणायचा, म्हणून नाही सांगितलं."

बाहेर कोणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं. इमेल्डानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याबरोबर अहोजाहोही परत आलं.

"नाव कमी करते, कोमाद्रे. जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाला कळवावं लागेल की ते आधीच कमी व्हायला हवं होतं आणि हजेऱ्या मी चुकीच्या लावल्या. ते माझं मी बघेन. पण मग तो दुपारचा आत येऊ शकणार नाही. पटावर नसलेलं मूल आवारात घ्यायचं नाही, हा नव्या मुख्याध्यापकांचा नियम. आजवर ते काही बोलले नाहीत, कारण तो पटावर होता. त्यामुळे काय ते एकच. एकतर तो आमचा, नाहीतर त्या जोलीनचा."

"उद्या सांगते," रोसाल्बा म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःचंच नवल वाटलं. सांगायचं होतं ते आत्ताच सांगता आलं असतं.

तिचा नवरा फाउस्टो मोरेन्सीच्या तांब्याच्या खाणीवरून सुट्टीला आला होता. त्यानं शर्टानं मान पुसत सगळं ऐकून घेतलं.

"परत शाळेत घाल," तो म्हणाला. "जोलीनचं मी जादा पाळ्या करून बघतो."

"जादा पाळ्या केल्यास की पोराला फोटोत बाप दाखवावा लागेल."

"मग काढ नाव. अडलंय कुठे?"

"त्याचं रोजचं जाणं तुटेल. आईचं स्वयंपाकघर आहे ते, फाउस्टो. तेवढंच राहिलंय त्याला."

"त्याला विचारलंस?"

नेस्तोर टेबलाशी बसून पोळीसारख्या मोठ्या तोर्तियात बीन्स गुंडाळत होता. अर्धे बीन्स ताटात होते, अर्धे कोपरावर. रोसाल्बा त्याच्यासमोर बसली.

"नेस्तोर, दुपारचं शाळेत जेवायला जाणं बंद झालं तर?"

"उद्यापासून?"

"हं."

"चालेल."

तिला वाटलं, त्याला नीट समजलं नाही. "लिताच्या स्वयंपाकघरात नाही जायचं मग. कधीच."

"लिता नाहीये तिथे," नेस्तोर म्हणाला. आजीला तो लिता म्हणायचा. हे त्यानं घरात दूध संपलंय म्हणावं तसं सांगितलं.

"स्वयंपाकाला आता एर्मिला आहे ना. मुलं आहेत."

"मुलं ट्रे आपटतात. सगळे ट्रे. मग मी कान दाबतो. मग जेवता येत नाही, कारण हात दोनच आहेत."

फाउस्टोला हसू आलं आणि त्यानं ते गिळलं.

"लिता होती तेव्हा कसा जेवायचास?" रोसाल्बानं विचारलं.

"कोठीत. लिता मला बीन्सच्या गोणीवर बसवायची आणि दार लावून घ्यायची. तिथे काहीच आवाज नसतो. बीन्स आवाज करत नाहीत." त्यानं तोर्तियाचं एक टोक तोंडात कोंबलं. "आता कोठीला कुलूप असतं."

आईनं हे कधी सांगितलं नव्हतं. 'आज पोटभर जेवला हो' एवढंच संध्याकाळी सांगायची.

"मग मला का नाही बोललास? मी नेलं नसतं."

नेस्तोरनं तिच्याकडे पाहिलं, मोठ्यांना एखादी साधी गोष्ट का समजावून सांगावी लागते, अशा नजरेनं.

"तुला जायचं असतं ना," तो म्हणाला. "तू गाडीत बसतेस. काच खाली करून."

रोसाल्बा उठली आणि आधीच धुतलेला तवा तिनं पुन्हा धुवायला घेतला. फाउस्टोनं मुलाच्या कोपरावरचे बीन्स बोटानं निपटून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी नेस्तोरला बापाजवळ ठेवून ती एकटीच शाळेत गेली. दारातूनच म्हणाली, "नाव कमी करा, कोमाद्रे."

इमेल्डानं मान हलवली. खण उघडून जूनचा कागद काढला, हातानं सपाट केला आणि फोन लावला. रोसाल्बा समोर उभी राहिली. बसा असं कोणी म्हटलं नव्हतं.

"हो, नेस्तोर. हो, तोच... नाही, आईनं वेळेवर दिला होता. मी खणात ठेवला... नाही, हजेऱ्या त्यांच्या सांगण्यावरून नाही लावल्या. मुख्याध्यापकांना कल्पना नव्हती. मी लावल्या... कारण?" इमेल्डानं खिडकीबाहेर पाहिलं. "कारण काही नाही. चूक झाली, लिहा... हो. लेखी देते. आजच देते... फीनिक्सला तुम्ही कळवाल ना? आज? तिथे मुलाचा इलाज अडलाय, म्हणून विचारते. इलाज. हो. थँक यू."

तिनं फोन ठेवला. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. लहानपणी बाई ओरडल्या की असेच उठायचे.

"आज दुरुस्ती जाईल. खातं पंधरवड्यात मोकळं होईल म्हणाले."

"आणि तुमचं?"

"माझ्या फाइलीत एक कागद लागेल. आजवर एकही नव्हता." ती उठून पंख्याखाली जाऊन उभी राहिली. "माझ्यावर उपकार म्हणून एक करा. त्याला सोमवारी दारात आणू नका. परत पाठवायला मलाच उठावं लागेल, आणि ते मला जमायचं नाही."

"नाही आणणार." मग रोसाल्बा म्हणाली, "त्याला तिथे आवडत नव्हतंच. आवाजाचा त्रास होतो त्याला. कालच कळलं मला."

इमेल्डा तिच्याकडे पाहत राहिली. "मग रोज आणायचा कशाला?"

घंटा झाली, वर्गांची दारं उघडली आणि पोरांचा लोंढा कॉरिडॉरमधून जेवणघराकडे धावला. इमेल्डानं एका धडपडणाऱ्या पोराची कॉलर धरून त्याला सरळ केलं आणि पुढे सोडलं.

"जेवून जा, कोमाद्रे."

"भूक नाही मला."

"जेवा म्हणते ना. बंदी पोराला आहे, तुम्हाला नाही. मोठ्यांच्या जेवणाचे पैसे तेवढे भरा, नाहीतर फाइलीत दुसरा कागद लागेल."

एर्मिलानं काही न विचारता रोसाल्बाच्या हातात ट्रे दिला. चिकन, मक्याचे दाणे, एक पाव. मुलांमध्ये लांबट टेबलाशी ती बसली. गाडीतून तिला इथली भांडी ऐकू यायची, पळीचा टणत्कार, नळाचं पाणी. आत आल्यावर त्यातलं काहीच ऐकू येईना. चारी बाजूंनी ट्रे टेबलावर आपटत होते. बाकं फरशीवर घासत होती. शंभरभर पोरं एकमेकांवर ओरडत होती आणि सगळा आवाज पत्र्याच्या छतावर आदळून दुपटीनं खाली येत होता. तिच्या दाढा शिवशिवल्या. आई या आवाजात रोज उभी असायची. संध्याकाळी घरी आल्यावर तासभर टीव्हीसुद्धा लावू द्यायची नाही. स्वभावच तिरसट, असं तेव्हा रोसाल्बाला वाटायचं.

समोर बसलेल्या बालवाडीतल्या मुलीनं तिला निरखून पाहिलं.

"तू नवीन टीचर आहेस का?"

"नाही. मी एलोदियाची मुलगी."

मुलीला ते नाव माहीत नव्हतं. ती आपल्या दुधाच्या खोक्याशी झटापट करत राहिली. रोसाल्बानं पावाचा तुकडा मोडला आणि त्या गोंगाटात जेवायला सुरुवात केली.