उत्तर टाका

विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांना यंदा शुद्ध भाषेचा उमाळा आला. संगणकावरच्या परीक्षेत वर्षानुवर्षं ‘सेव्ह’ आणि ‘क्लिअर’ अशी दोन बटणं होती, त्यांनी कुणाचं घोडं मारलं नव्हतं. साहेबांनी ती काढून ‘उत्तर ठेवा’ आणि ‘उत्तर टाका’ अशी नवी बसवली आणि त्याबद्दल स्वतःचा सत्कारही करवून घेतला. एखाद्या विद्यार्थ्याला आधी बसवून बटणं दाबून बघावीत, असल्या फालतू कामांत ही मोठी माणसं पडत नाहीत.

या परीक्षेला बसलेली एक मुलगी मावशीकडे वाढलेल्या दोन बहिणींतली मोठी, म्हणून घरी नि कॉलेजात सगळे तिला थोरलीच म्हणत. संख्याशास्त्राच्या पेपरची तिची ही तिसरी आणि नियमाप्रमाणे शेवटची खेप. यात नापास म्हणजे पदवीवर पाणी. पहिल्यांदा ती तापाने फणफणली होती. दुसऱ्यांदा मधेच संगणकाने मान टाकली आणि पडद्यावरचं घड्याळ तेवढं इमानाने पळत राहिलं. त्याबद्दल मागितलेली दाद अजून कुणाच्या तरी टेबलावर घोरत पडली आहे.

या वेळी पडद्याने सुरुवातीलाच सांगितलं, आसन क्रमांक टाका. तिने टाकला. परवलीचा शब्द टाका. तोही टाकला. मग पहिलं गणित आलं, तिने ते सोडवलं, पर्याय निवडला, खाली ‘उत्तर टाका’ दिसलं तेव्हा उत्तरही टाकलं. कुठलंही बटण दाबलं तरी लगेच पुढचं गणित हजर. ‘उत्तर ठेवा’ म्हणजे अडलेलं नंतरसाठी बाजूला ठेवा, हे तिच्या मते उघडच होतं, आणि तिचं कुठेच अडलं नाही. इतका सोपा पेपर तिला जन्मात गेला नव्हता. घरी ती गुणगुणत आली.

निकालात शून्य. शेजारी शेरा, एकही उत्तर नोंदलेलं नाही. अर्ध्या वर्गाची तीच गत होती.

मावशी लोकांचे कपडे शिवायची. शिलाई मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, “आमच्यात टाका घातला की जोडलं जातं. तुमच्याकडे उसवतं का गं?”

फेरपरीक्षेचा अर्ज घेऊन थोरली नियंत्रकांच्या खोलीत गेली. शून्यवाली बाकीची पोरं दारात दाटीवाटीने उभी राहिली. साहेबांनी खुर्चीत रेलून अकलेचे तारे तोडले. क्रमांक टाका म्हणजे भरा, उत्तर टाका म्हणजे टाकून द्या. संदर्भ बघायचा असतो, पण हल्लीच्या मुलांना वाचनच नाही. स्वतःचं बटण कधी दाबून न पाहिलेला माणूस वाचनावर बोलत होता. थोरलीला मघापासून रडू येत होतं, ते त्या तुकतुकीत चेहऱ्याकडे बघून आटलं. याच्यासमोर रडायचं? तेवढी याची लायकी नव्हती.

साहेबांनी अर्ज न वाचताच कारकुनाकडे सरकवला आणि म्हणाले, “टाका हा तिकडे.”

कारकुनाच्या एका बाजूला फायलींचं कपाट होतं, दुसऱ्या बाजूला कचऱ्याची टोपली. त्याने अर्ज उचलायच्या आत थोरलीने त्याचं टोक धरलं.

“कुठला टाका, सर? क्रमांकातला की उत्तरातला?”

दारात हशा पिकला. कारकूनही साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण त्यालाही खरोखर ठाऊक नव्हतं.

“फायलीत, अर्थातच,” साहेब पुटपुटले.

“संदर्भ दिसला नाही, सर,” ती म्हणाली. “आमचंही तेच झालं.”

साहेबांची मान लाल झाली. दारातली पोरं हलायला तयार नव्हती. थोरलीने अर्ज त्यांच्यासमोर सरळ केला आणि पेन पुढे धरलं.

“फेरपरीक्षेची तारीख टाका. भरा या अर्थाने.”

त्यांनी तारीख टाकली. सत्कार झाल्यापासून तो शब्द त्या माणसाने पहिल्यांदाच बरोबर अमलात आणला होता.