क्लेव्हिसचं पिंप

झाकण उचकटलं आणि मला ओकारीच आली. सॉसेजचा एक डबा फुगून फुटला होता. त्याचा रस्सा सहा आठवडे जहाजात आणि बंदरावरच्या पत्र्याखाली शिजत राहिला होता, आणि वर कपडे धुवायची सुगंधी पावडर सांडली होती. कुजलेलं मांस आणि गुलाब. मी नाक दाबून चार पावलं मागे सरले.

"काय पाठवलंय माझ्या लेकानं?" ओसरीवरच्या खुर्चीतून आईनं विचारलं.

"घाण," मी म्हटलं.

लेक म्हणजे क्लेव्हिस, माझा धाकटा भाऊ. बारा वर्षं झाली न्यूयॉर्कला जाऊन. जून लागला, वादळांचे दिवस आले की आमच्या बेटावर घरोघरी परदेशातून अशी निळी पिंपं येतात. सामान काढलं की त्यात पाणी भरून ठेवायचं. आमच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही मी मन मारून मागितलं म्हणून. एरवी याचं काम उंटावरून शेळ्या हाकायचं. ताई, खिडक्यांना फळ्या ठोक. ताई, आईचे कागद प्लास्टिकात घाल. हे सांगायला मला न्यूयॉर्क लागतं होय?

सहा वर्षांपूर्वीच्या वादळात आमचं छप्पर गेलं तेव्हा आई आसऱ्यासाठी अनवाणी शाळेपर्यंत चालली होती. रस्त्यावर गुडघाभर पाणी, त्यात डुकरांच्या कोंडवाड्यातलं सगळं वाहून आलेलं. अंगठ्याला पत्रा लागला. पुढे पाच आठवडे वीज नाही, फ्रिज बंद, तिचं इन्सुलिन तापून वाया गेलं. पाय सडला. तो वास आजही कधी कधी जेवताना आठवतो आणि घास खाली ठेवावा लागतो. उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. आता डावा तेवढा उरलाय. दवाखान्यातल्या नर्स लोरेननं मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "ओलिंडा, या पायाला पुराचं पाणी लागू द्यायचं नाही आणि इन्सुलिन तापू द्यायचं नाही. दुसरा पाय गेला तर त्यातून उठायचं तिचं वय नाही."

म्हणून मी क्लेव्हिसला तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. जखमेच्या पट्ट्या. नुसत्या पाण्यात भिजवली की औषध गार ठेवणारी ती पिशवी. आणि आईच्या सुजलेल्या पायात जातील असे मोठे रबरी बूट. बाकी सगळं मी केलं होतं. फळ्या ठोकल्या, टाकी खरवडून धुतली, कागद बांधले, आठ दिवसांचं खाणं भरलं. रेडिओ सांगत होता, वादळ परवा दुपारी.

नाकाला फडकं बांधून मी पिंपात हात घातला. काखेत पिवळे पडलेले बनियन. हॉटेलातले उष्टे साबण, एकाला केस चिकटलेला. शी! पट्ट्यांची खोकी निघाली ती फोडलेली, अर्धी वापरलेली. औषधाची पिशवी निघाली ती कोणाच्या तरी घामानं काळी पडलेली, आंबूस. ज्या आईनं डॅशीनचे, म्हणजे अळूचे, कंद विकून तुला विमानात बसवलं तिला तू तुझा कचरा पाठवतोस? मी खोकी आणि पिशवी उचलली आणि मागच्या उकिरड्यावर भिरकावली.

तळाशी बूट होते. पुरुषांचे. काळा एक, तपकिरी एक, दोन कॅनव्हासचे, एक चपलेसारखा आणि रबरी एक. जोड एकही नव्हता. सगळे डाव्या पायाचे.

डोक्यात तिडीक गेली. "बघ तुझ्या लेकाची अक्कल," मी बूट आईच्या पुढ्यात आपटले. "आईला एकच पाय आहे ना, मग एकेकच पाठवला. बिनपैशाची थट्टा. असल्या माणसाचं तोंड बघायची किळस येते मला."

आईनं एक बूट उचलून उलटा केला, मग दुसरा, मग तिसरा. तळावरून बोट फिरवलं.

"कोरे आहेत," ती म्हणाली. "एकही पायात गेलेला नाही."

"मग?"

"मग यांचे उजवे कुठे गेले?"

"कुठे जाणार? तोच घालून मिरवत असेल," मी फणकारले. आणि माझं बोलणं मलाच ऐकू आलं.

आई बूट मांडीवर धरून बसली होती. "फोनवर तो नेहमी बसलेलाच असतो," ती हळूच म्हणाली. "फक्त तोंड दाखवतो. मावशीच्या मातीलाही आला नाही."

मी उकिरड्याकडे गेले. एक कोंबडी खोक्यावर चढून उकरत होती, तिला हाकललं. आत प्रत्येक पट्टी वेगळ्या पाकिटात बंद, स्वच्छ. खोक्यावर दवाखान्याची चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर क्लेव्हिसचं नाव आणि तारीख, गेल्या नोव्हेंबरातली. त्या नोव्हेंबरात त्याचा दोन महिने फोन नव्हता. मी चर्चच्या दारात उभी राहून साऱ्या गावाला सांगितलं होतं की माझा भाऊ मेला म्हणून समजा. पिशवीच्या आतल्या कडेला शाईनं त्याचंच नाव होतं. साखर त्यालाही झाली होती, आणि माझ्यापर्यंत आला होता तो फक्त घामाचा वास. मला माझीच किळस आली. ती सॉसेजच्या वासापेक्षा वाईट होती.

पिशवी साबणाच्या पाण्यात टाकली आणि हात पुसून फोन लावला.

"पोचलं का पिंप, ताई?" तो लगेच म्हणाला. "सॉसेजच्या डब्यांवरची तारीख बघून घे हं. घाईत भरलं सगळं."

सकाळपासून मी त्याच्यासाठी शिव्या जमवून ठेवल्या होत्या. त्यातली एकच वापरली.

"कुठला पाय, मेल्या?"



"डावा," तो म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर तू तिला सांगितलं असतंस." मग, "आईला रबरी बूट बसला का गं?"

मी वळून बघितलं. आईनं तो चढवला होता, पोटरीपर्यंत. तिनं सगळं ऐकलं होतं. खुर्चीचे हात घट्ट धरून तिनं तो पाय उचलला आणि फोनवर ऐकू जावा म्हणून फरशीवर दणकन आपटला.