खिडकीपाशी

या मंडळी, पुढे सरका. मागे बसलं की गोष्ट निम्मीच पोचते. सहा शत्रूंतला शेवटला जो मत्सर, तो एका साध्या घरात पाय पसरून कसा बसला, ते ऐका.

दोघी जावा. थोरली पडदे शिवायची, धाकटी त्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर उजळायची. गिऱ्हाईक फोटो बघून भुलायचं आणि सासूबाई म्हणायच्या, "धाकटीच्या हातात जादू आहे हो." चुण्या घालून घालून थोरलीची बोटं सोलवटायची, आणि कौतुक भलतीकडेच. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात वेबसाइट काढायचं ठरलं. जेवताना धाकटी म्हणाली, "नाव फोनवर एका दमात सांगता आलं पाहिजे. आकडे नकोत, मधे रेघा नकोत. आणि त्यात 'पडदे' नको, उद्या उशांचे अभ्रे शिवले तर? 'खिडकीपाशी' कसं वाटतं? अजून कुणी घेतलेलं नाही, मी पाहिलंय."

"गुणाची गं बाई," सासूबाई म्हणाल्या.

थोरली ताट सोडून उठली. शिवून मरायचं मी, आणि दुकान हिच्या नावावर?

कॉम्प्युटरची मेमरी अपुरी पडली की तो डिस्कवरची जागा उसनी घेऊन वेळ भागवतो, हे तिला धाकटीनेच शिकवलं होतं. धाकटी बाहेर पडताच तिने सेटिंगमध्ये जाऊन ती उसनवारी बंद केली आणि मशीन पुन्हा चालू केलं. आता अडू देत हिचे फोटो. बस म्हणावं जादू करत.

पण मत्सराचं पोट एवढ्याने भरतं होय? तिथेच बसून ती 'खिडकीपाशी' आपल्या नावावर घ्यायला लागली. मालक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. शेवटचं बटण दाबायचं राहिलं, तोवर मोह झाला की पहिल्या पानावर कोणता पडदा शोभेल ते बघावं. तिने सगळे फोटो एकदम उघडले, आणि कॉम्प्युटरचा पडदा जागच्या जागी गोठला. बाण हलेना. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा.

तेवढ्यात धाकटी दारात.

"सरका बरं, जाऊबाई." तिने गोठलेलं पान पाहिलं, वरचं नावही पाहिलं. मशीन बंद करून चालू केलं, सेटिंग उघडली. "ही उसनवारी कधी बंद करू नये. किती जागा उसनी घ्यायची तो आकडाही आपण घालू नये, मशीनचं मशीनला ठरवू द्यावं."

"ती मी..."

"माहीत आहे. ही सेटिंग घरात दोघींनाच ठाऊक. मी तर बाहेर होते."

मग तिने नावाचं पान पुन्हा काढलं आणि मालकाच्या जागी थोरलीचं नाव लिहिलं. "जेवतानाच सांगणार होते, पण तुम्ही ताट सोडून उठलात. पडदे तुमचे. मी नुसता उजेड पाडते."

थोरली पडद्यांच्या फोटोंकडे वळली. मग म्हणाली, "प्रत्येक फोटोखाली तुझं नाव घाल. ठळक घाल, सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसेल असं."

तर मंडळी, घरी जाऊन खिडकीचा पडदा ओढाल, तेव्हा शिवणारीला नमस्कार कराच. पण सगळं समजून एक शब्द उणा न बोललेल्या त्या धाकटीचीही आठवण ठेवा.