घडी न मोडलेला टॉवेल

मी एक जुना टॉवेल आहे. मित्रांनो, न्हाणीघरातल्या खिळ्यावर मला लटकलेला पाहून तुम्ही पोतेरेच समजाल. पण एके काळी मी गडद डाळिंबी होतो आणि माझी घडीसुद्धा कोणी मोडत नसे.

माझा जन्म मागावर झाला. माझी पाळी आली तेव्हा मालक जातीने मागाजवळ आला आणि विणकराला म्हणाला, "हा जरा दाट येऊ दे. दाखवायचा आहे." बाकीच्यांनी अंग पुसायचे आणि मी नुसते मिरवायचे, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. पण कौतुक कोणाला नको असते? मी फुगून बसलो.

मालक ठोक व्यापारी होता. फोनवरून गिऱ्हाइके जोडायचा आणि नमुना म्हणून मला पाठवायचा. सोबत चिठ्ठी असे : घडी मोडू नये, धुऊ नये, पाहून परत पाठवावा. मी किती घरे पाहिली! सगळीकडे बोटे फिरायची, "वा, काय मऊ आहे!" व्हायचे आणि माझी परतीची पिशवी बांधली जायची.

असाच मी ह्या घरी, वहिनींकडे आलो. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून त्या बाहेरच्या खोलीतून फोनवर टॉवेल आणि चादरी विकत. विकणे त्यांना जमले होते, पण खात्रीचा माल देणारा काही सापडेना. एकाने आपले म्हणून जे गोदाम दाखवले, त्यावर पाटी दुसऱ्याचीच होती. आणखी एका व्यापाऱ्याच्या पत्त्यावर गेल्या, तर तिथे न्हाव्याचे दुकान. न्हावी म्हणाला, "त्या टॉवेलवाल्याला शोधताय ना? बसा बाई, पाणी घ्या. तुम्ही काही पहिल्या नाही."

माझा मालक मात्र गोड बोलायचा. "ताई, विश्वास ठेवा, नमुन्याबरहुकूम माल येईल."

वहिनींच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आतल्या खोलीतून म्हणाल्या, "साखरतोंड्या आहे मेला. मुंग्या लागतील फोनला."

तरी वहिनींनी माल मागवला आणि चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे मला परत पाठवायला काढले. तेवढ्यात आत्याबाईंनी सुईदोरा घेतला आणि माझ्या काठाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याची फुली घातली. त्यांच्या घरातून धुलाईला जाणाऱ्या प्रत्येक कापडावर ती असायची. "घराबाहेर जाणाऱ्या कापडाला खूण हवीच," त्या म्हणाल्या. मी परक्याचा आहे हे त्यांच्या लक्षातही आले नाही. हात सवयीने चालला.

पुढचे मला नंतर कळले. आलेले टॉवेल गाळणीसारखे विरळ होते आणि पहिल्याच पाण्यात रंग सोडत होते. गिऱ्हाइकांनी ते परत धाडले. वहिनींनी फोन केला तर साखरतोंड्या म्हणाला, "ताई, नमुना असाच तर होता!" ताडून पाहायला नमुना होता कुठे? तो माझ्या रूपाने त्याच्याच कपाटात. ज्या कंपनीमार्फत वहिनी माल विकत, तिने कळवले की अशी तक्रार पुन्हा आली तर दुकान बंद. त्या दुकानावर घर चालत होते.

मग वहिनींनी नवा व्यापारी शोधला. नाव वेगळे, गाव वेगळे, फोनवर बाईचा आवाज. नमुना आला. वहिनींनी पिशवी उघडली आणि आतून मीच निघालो.

मी ते घर ओळखले, पण त्यांनी मला ओळखले नाही. "हा खरंच छान आहे, आत्याबाई. देऊन टाकू का ऑर्डर?" वहिनी म्हणाल्या. मला ओरडावेसे वाटले. पण टॉवेलाला तोंड नसते.

आत्याबाईंनी मला खिडकीपाशी नेले. काठ उलटला आणि हसल्या. "सूनबाई, हा पाहुणा आपल्याकडे जेवून गेलेला आहे." त्यांनी फुली दाखवली.

वहिनींनी फुलीवरून बोट फिरवले. "आत्याबाई, मी आत्ता बुडाले असते हो."

"मग तू कशाला बुडतेस? ह्यालाच बुडवू," म्हणत आत्याबाईंनी मला सरळ बादलीत घातले.

मित्रांनो, पाणी मला तेव्हा पहिल्यांदा लागले. आणि काय सांगू, बादली लालभडक झाली. बाकीचे खोटे, मी तेवढा खरा, असे मी जन्मभर समजत होतो. माझाही रंग तसलाच निघाला. मला कोणी कधी भिजवलेच नव्हते, म्हणून मलाही माहीत नव्हते.

त्या दिवसापासून वहिनी प्रत्येक व्यापाऱ्याला आधी एकच विचारू लागल्या, "नमुना धुतला तर चालेल?" कोणी फोन ठेवला, कोणी रागावला. एक जण मात्र खेकसला, "धुवायलाच असतो टॉवेल! पण ओला परत घेणार नाही, आधीच सांगतो. मलाही पुष्कळांनी फसवलंय." वहिनींना त्याचे खेकसणेही संशयास्पद वाटले. त्यांनी नमुना धुतला. थोडाच माल मागवला, गठ्ठ्याच्या अगदी मधला टॉवेल ओढून काढला आणि तोही धुतला. पाणी स्वच्छ राहिले. त्या मालावर एकही तक्रार आली नाही आणि दुकान टिकले.

मला त्यांनी परत पाठवलेच नाही. पुन्हा कोणाला फसवायला नको, म्हणून इथेच खिळ्यावर ठेवले. आता माझा रंग गेला, काठ उसवला, फुली तेवढी राहिली. आत्याबाई माझ्यावर हात पुसतात. जन्माला आल्यासारखे आता कुठे वाटते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जो घडी मोडू देत नाही त्याच्या घडीतच काहीतरी असते. वस्तू वापरून पाहा, भिजवून पाहा आणि खरी निघाली तर तिला जपा.

आज सकाळी त्याच खेकसणाऱ्याकडून नवा गठ्ठा आला. वहिनींनी मधला टॉवेल ओढला आणि बादली घेतली.

"अगं, आता तरी ठेव त्या बिचाऱ्यावर विश्वास," आत्याबाई म्हणाल्या.

"आहे की, आत्याबाई," वहिनी नळ सोडत म्हणाल्या. "तो टिकावा म्हणूनच धुतेय."