चाड्यावरची मूठ

मुंबईच्या दवाखान्यातून बायडाबाई सोनईला परतली तेव्हा मानेतल्या कॅन्सरच्या गाठी विरल्या होत्या; पण त्या जहाल इंजेक्शनांनी तिची वेणीही नेली होती. आता कुठं डोक्यावर जावळाएवढे केस आले होते. बाया बघून हळहळायच्या. त्याचं तिला फार वाटत नसे. तिला खुपायची ती बोटं. औषधानं बधिर झालीत, हळूहळू सुधारतील, असं डॉक्टर म्हणाले होते. पण भाकरी थापताना पीठ हाताला जाणवेना, सुईत दोरा जाईना. याच बोटांसाठी एकेकाळी लोक पेरणीच्या दिवसांत तिच्या दारी यायचे. पाभरीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, चाड्यात, त्या लाकडी वाटीत, तिनं मुठीनं बी सोडलं की ज्वारी रांगेनं एकसारखी उगवायची.

दुष्काळ सरला आणि त्र्याहत्तरच्या रब्बीला रान वापशावर, पेरणीजोगत्या ओलीवर आलं. तिच्या नवऱ्यानं, पुंजारामानं, पाभर जुंपली. बियाणं जेमतेमच होतं.

"बायडे, तू बांधावर बस. मूठ मी धरते," थोरली जाऊ गोजरबाई मायेनं म्हणाली.

"न्हाई जाऊबाई. आपल्या रानात मीच."

पण पहिल्याच तासाला, पेरणीच्या पहिल्याच ओळीला, घोटाळा झाला. मुठीतून दाणे सुटतात की अडतात, काही उमगेना. मागं वळून माती उकरली, तर एका जागी ढीग आणि पुढं हातभर कोरडं.

"ऱ्हाऊ दे," पुंजाराम हळूच म्हणाला. "जीव वाचला, त्यात समदं आलं."

चाड्याला कान लावून बायडाबाईनं चार दाणे सोडले. चाड्याखालच्या नळ्यातून ते खळखळत खाली गेले. तिनं पुन्हा सोडले.

"अवो, बैलांच्या घुंगरमाळा काढा," ती म्हणाली. "आन् कुनी बोलू नका."

माळा निघाल्या. रान चिडीचूप झालं. पाभर चालू लागली आणि बायडाबाई वाकून नळ्याचा आवाज ऐकत राहिली. आवाज दाटला की मूठ आवळायची, विरळ झाला की सैल सोडायची. दुसऱ्या तासाला चुकली. मग हात बसला. दोन ओळी झाल्या की दम लागायचा. ती बांधावर टेकायची, पाणी प्यायची, पुन्हा उठायची. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागले, पण तिनं मूठ कुणाला दिली नाही.

आठवड्यानं ज्वारी वर आली. सुतात ओवल्यासारखी. पुंजाराम वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून रानात नेऊ लागला. गोजरबाईनं तर बायडाबाईच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

शेजारचा सूर्यभान सकाळीच दारात आला. "वैनी, आमची पेरनी ऱ्हायलीय. याल का?"

बायडाबाईनं मान ताठ केली. "यील की. पन मला मधीमधी पडाया लागतं. सावली कुठं हाय तुमच्या रानात, ते आधी सांगा."