सैल मॅट

नागेश पालशेतकरच्या व्हिसावर ‘हेल्पर’ लिहिलेलं होतं. पण शारजाच्या त्या लोखंडी गेटांच्या कारखान्यात त्याने हातोडा धरला असेल तर तो फक्त शुक्रवारी सकाळी, क्रिकेटची मॅट ठोकायला. कंपनीने त्याला गुहागरहून आणलं होतं ते बोलिंगसाठी. विकेटी पडताहेत तोवर व्हिसा, नाहीतर खलास.

सिमेंटच्या पट्टीवर काथ्याची मॅट अंथरायची, ताणायची आणि कडेच्या मातीत खिळे मारायचे. टप्प्याच्या जागी नागेश ती जराशी सैल ठेवायचा. तिथे पडलेला चेंडू थेट अंगावर उसळायचा. लोक म्हणायचे, काय हात आहे पोराचा! डोंबलाचा हात!

सत्त्याण्णव साली असाच एक चेंडू खैरुद्दीन नावाच्या मेकॅनिकच्या कानशिलावर बसला. डोक्यावर नुसती कापडी टोपी. हॉस्पिटलात नेलं, तिथेच त्याने प्राण सोडला. नागेशला कुणी एका शब्दाने बोललं नाही, तेच वाईट झालं. तेव्हापासून समोर कुणीही बॅट्समन असो, स्टंपपाशी बॅट टेकून खैरुद्दीन उभा दिसायचा. नागेशची पाचावर धारण बसायची. तरी तो धावायचा, आणि मॅट सैलच ठेवायचा. हातावर पोट होतं.

दोन वर्षांनी खैरुद्दीनचा धाकटा भाऊ हमदुल्ला समोरच्या टीमकडून खेळायला आला. त्या सकाळी नागेशने मॅट जीव खाऊन ताणली. मॅनेजर शैलेंद्र साहेब भडकले.

“अरे, मॅच द्यायचीय का त्यांना? व्हिसा रिन्यू करायचाय ना तुझा?”

“आज नाही, साहेब.”

हमदुल्लाने त्याला मनसोक्त झोडपला. मॅच गेली. पण स्टंपपाशी त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. नागेशला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

मॅच संपल्यावर हमदुल्लाने टाचेने मॅट दाबून पाहिली आणि तो जवळ आला.

“नागेशभाई, अम्मी हर बार पूछती है. उस दिन भी मॅट ऐसीही टाइट थी ना?”

नागेशने वाकून मॅटचा एक खिळा उपटला.

“हां,” तो म्हणाला.

हमदुल्लाने त्याला मिठी मारली. “बस. अम्मी को बोल दूंगा, अल्ला की मर्जी थी.”

त्याच्या खांद्यावरून नागेशला स्टंप दिसत होते. खैरुद्दीन परत आला होता. या वेळी हातात बॅट नव्हती. तो नुसता नागेशकडे बघत होता.

पुढच्या शुक्रवारी नागेश चेंडू घेऊन रनअपच्या टोकाला उभा राहिला. सगळे ओरडत होते, यल्ला, यल्ला, टाक लवकर. त्याचं पाऊल काही उचललं नाही.